टीव्हीच्या खोक्यावर 'रेकॉर्डिंग' लिहिता, मग काय रेकॉर्ड होत नाही तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की तुमच्या पेपरच्या पुरवणीत टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात आणि त्यात 'यूएसबी रेकॉर्डिंग' असं कुठेतरी ठळक छापलेलं असतं. त्याबद्दलच लिहितोय. आमच्या सोसायटीत कोणाचा टीव्ही किंवा वायफाय अडलं की मला हाक मारतात, आणि लोकांची सगळ्यात जास्त निराशा मी ह्या एकाच गोष्टीत बघितलीये.

होतं असं की माणूस हौसेने टीव्ही घेतो, हार्ड डिस्क लावतो, रिमोटवरचं लाल ठिपक्याचं बटण दाबतो आणि टीव्ही म्हणतो रेकॉर्ड करता येणार नाही, किंवा काहीच म्हणत नाही. मग कस्टमर केअरला फोन. तिकडून पहिलं उत्तर, "सर, नेट स्लो असेल, राउटर बंद करून चालू करा." मग सॉफ्टवेअर अपडेट करा, मग दुसरी डिस्क आणा, मग माणूस पाठवतो त्याची व्हिजिट फी द्या. आणि खरं कारण काय, तर आपल्याकडे बहुतेक घरांत चॅनेल येतात सेट टॉप बॉक्समधून, एचडीएमआय वायरने, आणि टीव्ही फक्त स्वतःच्या ट्यूनरवर (चॅनेल पकडणारा टीव्हीच्या आतलाच भाग) पकडलेला चॅनेल रेकॉर्ड करतो. ह्यात नेटचा काडीचाही संबंध नाही.

हे जरा नीट सांगतो कारण दुकानात कोणी सांगत नाही. अँटेना किंवा डिशची वायर थेट टीव्हीला लावली तर चॅनेल दाबून लहान केलेल्या रूपात येतो, सेकंदाला काही मेगाबिट, तो टीव्ही तसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतो. एचडीएमआयमधून येतं ते बॉक्सने आधीच उलगडलेलं चित्र, फुल एचडी 60 फ्रेमचं असेल तर सेकंदाला जवळपास 3 गिगाबिट. ते परत दाबून लहान करायची सोय ह्या टीव्हींमध्ये नसते, आणि वर त्या वायरीवर एचडीसीपी नावाचं, कॉपी होऊ न देणारं कुलूप असतं. म्हणजे तुम्ही कितीही महाग डिस्क आणा, उपयोग शून्य. ज्यांच्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आहे (बीआयएसने म्हणजे भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी आयएस 18112:2022 हे स्टँडर्डच काढलंय) ते डिश लावून फुकट चॅनेल बघू शकतात, आणि कंपनीने रेकॉर्डिंग चालू ठेवलं असेल तर सह्याद्रीवरचा आषाढीचा पंढरपूरचा सोहळा आरामात साठवू शकतात. पण आपल्याकडच्या कित्येक मॉडेल्समध्ये ती सोय बंदच करून ठेवलेली असते, मेनूत दिसत पण नाही.

मग लोक रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स घेतात. तो रेकॉर्ड करतो, चांगलं करतो. पण तिथली गोष्ट अजून वाईट आहे. आमच्या शेजारच्या काकूंचे मिस्टर भजनी मंडळात गायचे, त्यांचा एक कार्यक्रम लोकल चॅनेलवर लागला होता तो काकूंनी बॉक्सला लावलेल्या डिस्कवर घेऊन ठेवला. नंतर काका गेले. पुढे पावसाळ्यात लाइट वरखाली होऊन बॉक्स जळला, कंपनीने नवा बॉक्स दिला, काकूंनी जुनी डिस्क त्याला लावली तर स्क्रीनवर आलं "फॉरमॅट करा". नशीब त्यांनी ओके दाबलं नाही, मला बोलावलं. मी डिस्क कॉम्प्युटरला लावून बघितली, फाइल सगळ्या जागेवर आहेत, साइज पण दिसतीये, पण उघडत एकही नाही कारण त्या उघडायची किल्ली त्या जळलेल्या बॉक्समध्ये होती. जुना बॉक्स कंपनीवाले घेऊन गेलेले. फोन केला तर "मॅडम, नवीन बॉक्सवर नवीन रेकॉर्डिंग करा." अहो, गेलेल्या माणसाचं नवीन रेकॉर्डिंग कुठून करायचं? टीव्हीच्या रेकॉर्डिंगचं पण हेच, सर्व्हिसवाल्याने मदरबोर्ड बदलला की जुनं सगळं गेलं समजा.

आणि कायदा बघाल तर ग्राहकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 39, स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग केलं तर त्यात हक्कभंग धरत नाहीत. म्हणजे काकूंनी काही चोरी केली नव्हती. तरी स्वतःच्या घरातलं रेकॉर्डिंग त्यांना बघता येत नाही, ह्याचा मला खरंच राग येतो.

नेटचं पण सांगतो, कारण तिथेही चुकीच्या जागी बोट दाखवतात. 4के पिक्चरला नेटफ्लिक्स स्वतः 15 एमबीपीएस सांगतं, तेवढं तर आता साध्या फायबर प्लॅनमध्ये पण मिळतं. तरी गोल गोल फिरत बसतं कारण फायबरवाला राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटात किंवा माळ्यावर बसवून जातो, त्याला वायर कमी लागते ना, आणि टीव्ही दोन आरसीसी भिंतींपलीकडे. वायफायच्या दोन लहरींपैकी 5 गिगाहर्ट्झची तिथवर पोचत नाही, 2.4 वर अख्ख्या बिल्डिंगची गर्दी, त्यात एकमेकांवर न चढणारे वायफायचे चॅनेल (म्हणजे पट्टे) तीनच, 1, 6 आणि 11. जमत असेल तर सरळ लॅन केबल ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक 100 एमबीपीएसचंच असतं पण पिक्चरला ते भरपूर झालं.

वायफाय जोडलेलं दिसतंय पण एकही ॲप उघडत नाही, असं झालं तर आधी टीव्हीची तारीख-वेळ बघा. लाइट जाऊन आल्यावर कधी कधी घड्याळ मागे जातं आणि मग सुरक्षित कनेक्शनची सर्टिफिकेट टीव्हीला चुकीची वाटतात. फोनवरून कास्ट करताना टीव्ही दिसत नसेल तर घरात दोन राउटर आहेत का बघा, फोन एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असेल तर ते एकमेकांना सापडत नाहीत, दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे पोचवतो. राउटर नवा आणि टीव्ही जुना असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायची सिक्युरिटी (पासवर्डच्या कुलपाचा प्रकार) डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3 मिक्स ठेवा, नुसतं 3 ठेवलं तर जुने टीव्ही जोडलेच जात नाहीत. आणि डिस्क टक टक आवाज करून मधेच गायब होत असेल तर तिला करंट पुरत नाहीये, साध्या यूएसबी 2 पोर्टला 500 मिलीअँपियरच मिळतात, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) मधे लावून बघा. हे सगळं घरबसल्या होतं, माणूस बोलवायची गरज नाही.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. टीव्हीच्या खोक्यावर आणि जाहिरातीत मराठीत स्पष्ट लिहा की सेट टॉप बॉक्सचे चॅनेल ह्यात रेकॉर्ड होणार नाहीत. आणि बॉक्स बदलून देताना ग्राहक तोच, कनेक्शन तेच, तर जुनं रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर चालेल अशी सोय द्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे, तेव्हा ज्यांना 'रेकॉर्डिंग होतं' सांगून टीव्ही विकलाय त्यांनी बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवून 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तुमच्या पुरवणीतल्या जाहिरातदारांनाही संपादक म्हणून तुम्ही हे विचारावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक