मनिलात दोघेही उतरणीला होते, म्हणून काय?

मा. संपादक,

मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या १ ऑक्टोबर १९७५ च्या मनिलातल्या लढतीवरचा लेख आपल्या क्रीडा पुरवणीत वाचला. दोघांचाही भर ओसरला होता, त्यामुळे या लढतीला हेवीवेट मुष्टियुद्धातली सर्वश्रेष्ठ लढत म्हणणे हा निव्वळ भाबडेपणा, असा लेखाचा सूर आहे. यातले पहिले विधान मला शंभर टक्के मान्य आहे. दुसरे मात्र पहिल्यातून निघतच नाही.

भर ओसरला होता, यात वाद नको. दोघेही १९७१ च्या आपल्या पहिल्या लढतीपेक्षा सुमारे चार किलोंनी जड होते. फ्रेझर अवघा ३१ वर्षांचा. पण जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते आणि त्यानंतर तो पूर्वीचा राहिलाच नाही. अली ३३ चा. केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडून अडीच वर्षे झाली होती. पण लेखकाने अलीच्या वयाचा जो हिशेब मांडला आहे, त्यात एक मोठी फट आहे. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेतले आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत त्याला लढूच दिले नाही. म्हणजे पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची, कोणत्याही हेवीवेटची ऐन उमेदीची वर्षे. भरातला अली असा होता नि तसा होता, असे आपण सगळेच छातीठोकपणे सांगतो. प्रत्यक्षात तो अली कोणी पाहिलेलाच नाही!

आता मुद्द्याचे. मुष्टियोद्धा एकदम म्हातारा होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो. आधी पाय जातात, मग ठोसा येताना पाहून अंग काढून घ्यायची चपळाई, आणि ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी. ती किती टिकते ते फोरमननेच दाखवले. नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तिन्ही पंचांच्या गुणांत मागे असताना त्याने २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या फेरीत आडवे केले. म्हणून ‘हा संपला होता का’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्याचे काय संपले होते आणि काय शिल्लक होते, ते विचारायला हवे.

मनिलाच्या लढतीची चित्रफीत या नजरेने पाहा. ठोसे सोडा, अलीच्या पावलांकडे बघा. १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली रिंगभर तरंगत होता. विल्यम्सच्या ठोशांना तो सापडतच नव्हता. मनिलात त्याचे तळवे जमिनीला चिकटलेले आहेत. पहिल्या काही फेऱ्यांत त्याने झटपट निकाल लावायचा प्रयत्न केला, तो फसला. मग मधल्या फेऱ्यांत तो दोरांना टेकून उभा आहे आणि फ्रेझर त्याच्या बरगड्यांवर, कमरेवर घण घातल्यासारखे ठोसे मारतो आहे. विशीतल्या अलीच्या वाट्याला हे आलेच नसते, कारण तो तिथे उभाच राहिला नसता. पाय गेले म्हणून त्याला थांबावे लागले, थांबला म्हणून मार खावा लागला, आणि इतका मार खाऊनही बाराव्या फेरीत तो परत उसळला. दोघे ऐन भरात असते तर लढत कदाचित जास्त देखणी झाली असती. ही लढत झाली नसती.

फ्रेझरची बाजू तर लेखात जवळजवळ नाहीच. त्याला डाव्या डोळ्याने फार अंधूक दिसायचे. ही गोष्ट त्याने वर्षानुवर्षे लपवली आणि पुढे स्वतःच सांगितली. मनिलात अलीच्या ठोशांनी त्याचा धड असलेला उजवा डोळा सुजून मिटत गेला. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूने येतो. म्हणजे तेराव्या-चौदाव्या फेरीत अलीचे उजव्या हाताचे जे ठोसे त्याच्या तोंडावर बसत होते, ते त्याला दिसतच नव्हते. तेराव्या फेरीत त्याच्या तोंडातला गार्ड उडून रिंगबाहेर गेला, तरी तो पुढेच सरकत राहिला. शेवटी चौदाव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी, तो नको नको म्हणत असताना, लढत थांबवली. याला वयाचा परिणाम म्हणायचे की दुखापतीचा, की हट्टाचा? ‘भर ओसरला’ या दोन शब्दांत हे सगळे कोंबता येत नाही.

वय काढून विजय हलका ठरवायला माझी हरकत नाही, पण एकच बाजू थकलेली असेल तेव्हाच ते रास्त. त्याचे चोख उदाहरण २ ऑक्टोबर १९८० चे. लास वेगासला ३८ वर्षांचा अली विरुद्ध लॅरी होम्स, त्याचाच एकेकाळचा सरावातला जोडीदार. केस काळे केलेले, वजन उतरवलेले. लांबून अली तरुण दिसत होता. ते वजन उतरवायला थायरॉइडच्या गोळ्यांचाही हातभार होता. तिन्ही पंचांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या आणि अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्याला अकराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. त्या विजयासाठी होम्सला थोर म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही, आणि त्यात होम्सचा काही दोष नाही. पुढे जानेवारी १९८८ मध्ये, जवळपास दोन वर्षे रिंगबाहेर राहिलेल्या होम्सला माइक टायसनने चौथ्या फेरीत झोपवले, तेव्हा होम्सचे वयही ३८ च होते!

लेखकाला खरोखर काही धारेवर धरायचेच होते, तर मनिलानंतरची सहा वर्षे धरायची. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या लढतीनंतर त्याच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचा अहवाल पाहून ‘आता थांबा’ असे कळवले, कोणी ऐकले नाही, म्हणून ते त्याची साथ सोडून गेले. त्यानंतरही अली चार लढती लढला. होम्सच्या लढतीला परवाना देणारे होते, तिकिटे विकणारे होते, घेणारेही होते. डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकशी हरल्यावर तो थांबला आणि १९८४ मध्ये त्याच्या कंपवाताचे निदान झाले. यावर आपल्या पुरवणीत असाच पानभर लेख आला, तर मी तो जरूर वाचेन.

आपला,
एक वाचक