नसीमची उडी आणि बॅरेराचा जॅब

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तुझ्या तालमीतलं बॉक्सिंगचं पोरगं हाताने गुणी आहे, पण मोबाईलवर प्रिन्स नसीम हमेद या ब्रिटिश मुष्टियोद्ध्याच्या क्लिपा बघून बिघडलंय, हात कमरेला सोडतं, जीभ काढून दाखवतं, हे तू लिहिलंस. ते पटलं. पण पुढे लिहिलंस की ‘नसीमचंही नखऱ्यांनीच वाटोळं झालं’. हे मात्र मला मान्य नाही. नखऱ्यांनी त्याला कुणी हरवलं नाही. नखऱ्यांमुळे त्याच्या खेळातलं भोक सहा-सात वर्षं कुणाला दिसलं नाही, त्यालाही नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तुझ्या पोराचं काय करायचं ते याच फरकावर ठरेल.

आधी त्याचा खेळ आला कुठून ते बघ. शेफिल्डमधल्या विंकोबँक भागात ब्रेंडन इंगल नावाच्या आयरिश माणसाची जिम. जमिनीवर रंगाने रेषा आखलेल्या. पोरांनी त्या रेषांवरून पावलं टाकत जायचं, प्रत्येक टप्प्यावर पाय बदलायचा, उजवा पुढे, मग डावा पुढे, मागे येतानाही तेच. सरावात डोक्यावर मारायची बंदी, फक्त अंगावर. त्यामुळे आठ वर्षांचं पोर आणि व्यावसायिक मुष्टियोद्धा एकाच रिंगमध्ये उतरू शकायचे. हात खाली सोडून फक्त कमरेने आणि पायांनी ठोसा चुकवायची सवय तिथे लहानपणीच हाडांत भिनायची. म्हणजे तुझं पोरगं ज्याला स्टाइल समजतंय, तो नसीमचा अभ्यासक्रम होता. तो त्या जिममध्ये सात वर्षांचा असल्यापासून होता.

आता हात खाली ठेवण्याचं गणित. खांदा सैल राहतो, म्हणून हात वेगाने सुटतो. ठोसा समोरच्याच्या नजरेखालून वर येतो, त्यामुळे त्याला उशिरा दिसतो. आणि समोरचा भुलून पुढे झेपावतो, म्हणजे स्वतःच अंतर कमी करून देतो. हे तिन्ही फायदे खरे आहेत. पण त्यांची एक अट आहे: तुझं डोकं समोरच्याच्या जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टप्प्यापेक्षा अर्धं पाऊल बाहेर हवं, कायम. ते अर्धं पाऊल पाय राखतात, हात नाही. पाय दमले, की तोच माणूस जागेवर उभा राहून फक्त पाठ मागे झुकवायला लागतो. वजन मागच्या टाचेवर जातं, हनुवटी वर येते. पहिला ठोसा चुकतो आणि दुसरा बसतो. आणि टाचेवर गेलेल्या माणसाला जोरदार उलट ठोसा मारता येत नाही, कारण टाचेवरून अंग पुढे ढकलता येत नाही.

नसीमला हे होत होतं. १९ डिसेंबर १९९७, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर अमेरिकन मुष्टियोद्धा केव्हिन केली. पडद्यामागे सावलीचा नाच करत त्याने केलीला रिंगमध्ये कितीतरी मिनिटं ताटकळत ठेवलं. (ही युक्ती दुधारी असते बरं का. वॉर्मअप करून घाम आणलेलं अंग थांबलं की गार पडतं, आणि ते दोघांचंही पडतं.) मग चार फेऱ्यांत नसीम तीनदा खाली गेला आणि केली तीनदा. चौथ्या फेरीत केली उठला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे चर्चा करत होते काय थरारक लढत झाली याची. त्याला तीनदा जमिनीवर बसवणारे ते ठोसे लागले कसे, हे कुणी मनावर घेतलं नाही. जिंकला ना! व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जिंकलेल्या लढतीतून कुणी शिकत नाही, आणि ज्याच्या प्रवेशालाच लोक तिकीट काढतात त्याला शिकवायला त्याच्या कोपऱ्यातला प्रशिक्षकही धजत नाही. १९९८ च्या सुमारास इंगलशीही फाटलं. रेषा आखणारा माणूसच गेला.

मग ७ एप्रिल २००१, लास व्हेगास, समोर मेक्सिकोचा मार्को अँटोनियो बॅरेरा. ही लढत त्या पोराला आवाज बंद करून दाखव, नुसते पाय बघायला लाव. लोकांना वाटलं होतं मेक्सिकन माणूस अंगावर जाईल आणि नसीमच्या उसळत्या डाव्या हातावर सापडेल. बॅरेरा अंगावर गेलाच नाही. नसीम डावखुऱ्या पवित्र्याचा, म्हणून बॅरेरा सतत स्वतःच्या डावीकडे सरकत राहिला, नसीमच्या डाव्या हातापासून लांब. हात वर, हनुवटी खाली, जॅब, डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), पुन्हा दूर. नसीमने हुलकावणी दिली तरी हा हललाच नाही. हुलकावणीला समोरचा फसला नाही की हात खाली ठेवणाऱ्याचं दुकान बंद! कारण त्याच्याकडे दुसरा धंदाच नसतो. नसीमकडे रोजच्या कामाचा, कंटाळवाणा, अंतर मोजणारा जॅब नव्हता. बारा फेऱ्या, तिन्ही जजांचा कौल बॅरेराकडे: ११६-१११, ११५-११२, ११५-११२. शेवटच्या फेरीत बॅरेराने त्याचं डोकं धरून कोपऱ्याच्या गादीवर आपटलं, त्याबद्दल एक गुणही गमावला. बहुधा मुद्दाम गमावला. बारा फेऱ्यांचं शांत काम झाल्यावर तेवढी चैन त्याला परवडत होती.

नसीम त्यानंतर एकदाच लढला, मे २००२ मध्ये लंडनला. जिंकला, पण प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. वय २८. एकूण ३७ लढती, ३६ विजय, त्यातले ३१ नॉकआउट. त्याच वजनात हुआन मॅन्युएल मार्केझ आणि एरिक मोरालेस हे मातब्बर होते, दोघांशीही लढत झाली नाही.

आता वारशाचा हिशेब. सव्वासत्तावन्न किलोंच्या आतलं वजन, ज्याकडे अमेरिकेत तेव्हा मोठा पैसा क्वचितच वळायचा, ते या माणसाने गार्डनच्या मुख्य लढतीला नेऊन बसवलं. येमेनी आईबापांच्या पोटी जन्मलेला, पाच फूट चार इंचांचा शेफिल्डचा पोरगा. खांद्याच्या उंचीच्या वरच्या दोरावरून कोलांटउडी मारत यायचा, एकदा तर उडत्या गालिच्यावर आला. ते नसतं तर ही दारं उघडली असती का? त्याच इंगलच्या जिममधला हेरॉल ग्रॅहम घे. चुकवण्यात नसीमपेक्षाही सरस, असं मी म्हणेन. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये ज्युलियन जॅक्सनविरुद्ध जागतिक किताबाची लढत तो सहज जिंकत होता, जॅक्सनचा एक डोळा सुजून बंद व्हायला आला होता, आणि चौथ्या फेरीत एका उजव्या ठोशाने खेळ संपला. हात खालीच होते. तोच आजार, तोच शेवट. आज ग्रॅहमचं नाव बॉक्सिंगवेड्यांपलीकडे कुणाला माहीत आहे? नसीमचं तुझ्या तालमीतल्या पोराला माहीत आहे. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेत कॅनास्टोटा इथल्या बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्येही घेतलं.

तेव्हा नखऱ्यांनी नाव होतं, हे उघड आहे. त्यांची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. साधा माणूस हरला तर एक लढत हरतो. तमाशा करून आलेला हरला की लोक म्हणतात, पोकळच होता. आधीच्या पस्तीस लढती मागे जाऊन पुन्हा तपासल्या जातात. स्टीव्ह रॉबिन्सनला त्याच्याच कार्डिफमध्ये हरवलं, टॉम जॉन्सनला आठव्या फेरीत थांबवलं, हे सगळं एका रात्रीत स्वस्त झालं. ते अन्यायाचं आहे, पण तसं होतं.

यातून सुटतो तो, ज्याची प्रतिस्पर्ध्यांची यादी दणकट असते. अमेरिकेच्या रॉय जोन्सने २००२ मध्ये ग्लेन केलीसमोर दोन्ही हात पाठीमागे धरले आणि पुढच्या क्षणी त्याला आडवा केला. २००४ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं. तोही हातांपेक्षा पायांवर आणि प्रतिक्षिप्त वेगावर जगणारा. पण त्याच्या खात्यात बर्नार्ड हॉपकिन्स होता, जेम्स टोनी होता, मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंतचे किताब होते. म्हणून त्याला कुणी पोकळ म्हणत नाही. मुहम्मद अलीबद्दल तर लिहायलाच नको. फ्रेझरला गोरिला म्हणण्यापर्यंत तो घसरला, ते मला आजही खटकतं, पण लिस्टन, फ्रेझर, फोरमन या यादीपुढे त्याची बडबड हा त्याच्या चरित्राचा मसाला ठरते. मेवेदर सगळ्यांत धूर्त. नोटांची पुडकी, शिव्या, टोप्या, सगळं रिंगच्या बाहेर. घंटा झाली की हनुवटी डाव्या खांद्याआड, उजवा हात गालाला. तोंड आणि गार्ड (बचावाचा पवित्रा) यांची त्याने कधी गल्लत केली नाही.

तुझ्या पोराला हाच फरक दाखव. आपल्याकडे पैलवान शड्डू ठोकतो, पण सलामी झडल्यावर हात पुन्हा मांडीवर नेत नाही. प्रवेश कसाही करू दे, केस रंगवू दे, जिंकल्यावर उडी मारू दे. घंटा ते घंटा मात्र तू सांगशील तेच. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या. एक फेरी मिरवण्यात गेली की भरून काढायला बाराची मुभा नाही. पाच जज बसतात, ते स्वच्छ बसलेले ठोसे बघतात, चुकवून हसलास याला गुण नाही. उलट वाकुल्या दाखवल्या तर रेफ्री समज देईल, आणि पुढे अधिकृत ताकीद मिळाली की थेट गुण कापला जातो.

हात खाली सोडायची सवय एकदम मोडू नकोस, त्याच्या वेगाचा जीव तिथे आहे. आधी जॅब पक्का कर: रोज तीन फेऱ्या फक्त जॅब, पुढचं पाऊल आणि ठोसा एकाच वेळी टेकला पाहिजे, हात गेला त्याच रेषेतून गालाशी परत. मग रिंगमध्ये चुन्याने रेषा आख. रेषेच्या बाहेर असताना हात खाली चालतील, आत पाऊल पडलं की उजवा गालाला, डावा खांद्याच्या उंचीला. पॅडवर एक-दोन (जॅब आणि मागोमाग उजवा ठोसा) दे आणि लगेच डाव्या हुकचा पॅड त्याच्या कानाजवळून फिरव. सरळ मागे झुकला तर त्याला लागू दे, हलकेच. बाजूला पाऊल टाकून जॅबने उत्तर दिलं तरच ती फेरी धर. आणि हे सगळं शेवटच्या फेरीनंतर, दमल्यावर करून घे. ताज्या पायांवर सगळेच नसीम असतात.

पुढच्या स्पारिंगचा (सराव-लढतीचा) व्हिडिओ काढशील तेव्हा कॅमेरा खाली ठेव, पावलं दिसली पाहिजेत. डावखुऱ्या पोराशी लाव त्याला, आणि तिसरी फेरी न कापता पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक