‘निमित्त’ नव्हे, नियमच

महोदय,

आपल्या क्रीडा पानावरील बास्केटबॉल सामन्याच्या वृत्तात, कर्णधाराला किरकोळ खरचटल्याचे निमित्त करून पंचांनी ऐन रंगात बाहेर काढले, असा सूर आहे. बरीच वर्षे गुणलेखकाच्या टेबलाशी बसलो असल्याने ‘निमित्त’ हा शब्द खटकला.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमावलीतील पाचवे कलम इथे पंचाला मोकळीक देतच नाही. रक्त येत असेल किंवा जखम उघडी असेल, तर खेळाडू बदलायचा. रक्त थांबून जखम पूर्ण, घट्ट झाकली गेली की मगच तो परत. ऐकायला सोपे वाटते, पण घामाने निथळणाऱ्या कोपरावर पट्टी चिकटवून पाहा! एका टोकाला दाबली की दुसरे टोक सुटते, आणि तोवर प्रशिक्षक पंचाच्या नावाने ओरडत असतो.

त्याने ओरडण्याऐवजी टेबलाकडे येऊन टाइमआउट, म्हणजे संघाला मागून मिळणारी एक मिनिटाची विश्रांती, मागायला हवा. बदलीचा भोंगा वाजण्याआधी टाइमआउट मिळाला आणि त्या एका मिनिटात रक्त थांबून जखम झाकली गेली, तर तोच खेळाडू खेळत राहतो. गंमत म्हणजे टाइमआउट प्रतिस्पर्ध्यांनी घेतला असला तरी ही सवलत मिळते. एकदा बदली झाली की मात्र घड्याळ पुन्हा चालू होऊन थांबेपर्यंत त्याला आत येता येत नाही. जखमीला फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे फेक) मिळाले असतील, तर तेही त्याच्या जागी आलेल्याने मारायचे.

उलटी तक्रारही ऐकली आहे: रक्त दिसत असताना शिट्टी का नाही? चेंडू खेळात असेल तर चालू चढाई संपेपर्यंत पंच थांबतात; दुखापत गंभीर वाटली तरच लगेच खेळ रोखतात.

ही सगळी काळजी उगाच नाही. अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन १९९२ मध्ये एचआयव्हीसह मैदानात परतला, तेव्हा एका सराव सामन्यात हातावर उठलेल्या साध्या ओरखड्याने सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. काही दिवसांतच तो पुन्हा निवृत्त झाला.

नियमानुसार उत्तरार्धात तीन टाइमआउट मिळतात. त्या कर्णधाराच्या संघाकडे त्यातला एखादा उरला होता का, आणि असल्यास प्रशिक्षकाने तो का मागितला नाही, हे वृत्तात यायला हवे होते.

– एक माजी गुणलेखक