फोटोची पाठ

पिट्सबर्ग

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

‘इंटरनेटवर रेडिओच्या सुरुवातीच्या काळातले हे वर्तमानपत्री फोटो फुकट दिसतात, मग पैसे मोजून जुने कागद कशाला घेतोस?’ असं तू विचारलंस. अरे, इंटरनेटवर बहुतेक वेळा फोटोची पाठ दिसत नाही, आणि माझा जीव अडकलाय तो पाठीतच.

इथल्या जुन्या बाजारात 1920च्या दशकातला एक प्रेस फोटो मिळाला. आठ बाय दहा इंची, चकचकीत. एक गायिका भरजरी पोशाखात रेडिओच्या माइकपुढे उभी आहे. ऐकणाऱ्यांना ती दिसणार नव्हती, तरी नटूनथटून आलीय! आवाज घुमू नये म्हणून भिंतभर जाड पडदे. माइक म्हणजे एक धातूचं कडं आणि त्यात स्प्रिंगांवर टांगलेली गोल डबी, म्हणजे हादरे पोचत नाहीत. आत कार्बनचे कण. ते गच्च बसले की आवाज बिघडायचा, मग टिचकी मारून मोकळे करायचे.

पाठीवर फोटो पुरवणाऱ्या एजन्सीची टाइप केलेली चिठ्ठी डकवलेली, शेजारी वर्तमानपत्राचा तारखेचा शिक्का. पुढच्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने कापायच्या खुणा केल्यात. छपाईत बाई उठून दिसावी म्हणून कुणीतरी तिच्या खांद्यांभोवती ब्रशने राखाडी रंग भरलाय. त्या हाताचं मला फार अप्रूप वाटतं. रंग पुसून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती मी घेत नाही.

1 जानेवारी 1935 पासून असोसिएटेड प्रेस ही अमेरिकन वृत्तसंस्था तारेवरून फोटो धाडू लागली. त्या प्रतींत मजकूर फोटोतच उमटतो. कामाच्या आहेत, पण माझं मन आधीच्या काळात रमतं. कारण तेव्हाचे बहुतेक कार्यक्रम कुणी ध्वनिमुद्रित केलेच नाहीत. इथेच, ईस्ट पिट्सबर्गमधून 2 नोव्हेंबर 1920च्या रात्री केडीकेए रेडिओ केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. तो आवाज आज कुठेही नाही. गंमत बघ, 1933च्या अखेरीस वर्तमानपत्रांनी दबाव आणून रेडिओच्या बातम्या दिवसाला पाच-पाच मिनिटांच्या दोन वार्तापत्रांवर आणल्या, आणि त्यांच्याच कपाटांत रेडिओचे हे चेहरे जपले गेले.

आता एक काम. तुझे आजोबा मुंबईत वर्तमानपत्रात होते ना? 23 जुलै 1927 ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने तिथलं रेडिओ केंद्र सुरू केलं, तेव्हाचं काही त्यांच्या ट्रंकेत आहे का बघ. निघालंच तर चिठ्ठ्या सोलू नकोस, सेलोटेप लावू नकोस, पीव्हीसीच्या अल्बममध्ये घालू नकोस. दोन्ही बाजू स्कॅन करून पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश