विमानाचे अंतर सांगता, तर वेळही खरा सांगा

संपादक महोदय,

‘पोर्ट ब्लेअर ते अगत्ती : अंतर २,२४५ किलोमीटर, प्रवासाचा वेळ ३ तास १८ मिनिटे.’ एका संकेतस्थळावरच्या या ओळीवर विसंबून आम्ही नवरा-बायकोने डिसेंबरचा बेत आखला. अंदमानात पोर्ट ब्लेअरचे (आताचे श्री विजय पुरम) सेल्युलर जेल पाहायचे आणि तिथूनच लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर जायचे. सकाळी निघालो की दुपारी अगत्ती, या हिशेबाने त्या रात्रीच्या खोलीचे पैसेही भरले. तिकिटे काढायला बसलो तेव्हा कळले की या दोन विमानतळांदरम्यान थेट विमानच नाही. खोलीचे पैसे बुडाले. चेन्नई, मग कोचीत मुक्काम, असे करत अगत्तीला उतरलो तेव्हा हॉटेल सोडून साडेसव्वीस तास झाले होते. त्यातले हवेत पाच. ह्यांना मधुमेह आहे; दोन वेळा विमानतळाच्या खुर्चीवर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

तीस वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे स्वस्थ बसवेना. घरी आल्यावर माळ्यावरचा ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल काढला आणि दोन्ही बेटांमध्ये शिवणाचा दोरा ताणून धरला. सव्वापाच सेंटिमीटर भरला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, तेव्हा अंतर बरोबर आहे. दोरा दक्षिण भारतावरून आडवा गेला. चेन्नई त्याच्या थोडी वर, कोची थोडी खाली. म्हणूनच तीन टप्प्यांची बेरीज केली तरी २,३६० किलोमीटरच्या आसपासच येते. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वळसा, आणि त्यापायी दिवसाहून जास्त वेळ!

मग ३ तास १८ मिनिटे आली कुठून? अंतराला ताशी ८०० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, बरोबर तेवढीच येतात. पण अगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची. आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळाची अडीच किलोमीटर आहे. नेहमीच्या मोठ्या जेट विमानाला अगत्तीला उतरता येत नाही. कोचीहून जाते ते पंख्यांचे छोटे एटीआर विमान, वेग ताशी पाचशेच्या आसपास, आणि भरल्या विमानाने सव्वादोन हजार किलोमीटर एका दमात कापणे त्याच्या आवाक्यातले नाही. म्हणजे तो आकडा ज्या विमानाचा, ते तिथे उतरणार नाही आणि उतरते ते एवढे लांब जाणार नाही.

या प्रवासाने एक गोष्ट मात्र दिली. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण रेखांशात साडेवीस अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटे, म्हणजे ८२ मिनिटे. अंदमानात पाचच्या सुमाराला सूर्य बुडत होता, अगत्तीला सव्वासहा होऊन गेले तरी किनाऱ्यावर ऊन होते. फळ्यावर इतकी वर्षे लिहिलेले गणित मी तिथे वाळूत उभी राहून पाहिले.

आता सुटीच्या पर्यटन पुरवण्या निघतील. त्यांत असे आकडे छापताना थेट विमान आहे की नाही, कुठे बदलावे लागते आणि मुक्काम पडतो का, हे अंतराच्या शेजारीच छापावे, ही कळकळीची विनंती. आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी तीच ओळ वाचून बेत केला आहे. त्यांना कोचीची एक रात्र धरायला मी कालच सांगून आले.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, धनकवडी, पुणे