बाबांच्या प्रश्नाचं लेखी उत्तर

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की हल्ली प्रार्थनेला डोळे मिटले की एक तर डुलकी लागते, नाहीतर वर्षानुवर्षांची तीच वाक्यं आपोआप तोंडातून बाहेर पडतात आणि ‘आमेन’ म्हटल्यावर लक्षात येतं की आपलं मन तिथे नव्हतंच. आई मागून म्हणाली, “मग लेकीसारखं लिहून काढा.” त्यावर तुम्ही हसून विचारलंत, “देवाला आता लेखी अर्ज करायचा का?” फोनवर मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लेखी अर्ज शास्त्रात, आपल्या बायबलमध्येच, आहे की! अश्शूरचा राजा सन्हेरीब याचं धमकीचं पत्र आलं तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर उलगडून ठेवलं (2 राजे 19). ‘संकटात आमचं रक्षण कर’ एवढ्यावर त्याने भागवलं नाही. हे बघ, ह्याने काय काय लिहिलंय ते ऐक, असं तो म्हणाला. आजारातून उठल्यावर त्याने स्वतःही लिहिलं. यशया 38 मध्ये तो लेख आहे. त्यात आभार आहेतच, पण त्याआधी मरणाच्या भीतीने रात्रभर कण्हल्याचंही सारं आहे. राजाने ते खोडलं नाही.

मी कसं लिहिते ते सांगते. वही साधीच घेते. देखणी डायरी घेतली की वाक्यंही देखणी यायला लागतात. वर तारीख, आणि खाली त्या क्षणी जे खरं असेल ते पहिलं वाक्य. कधी ते ‘आज तुझ्याशी बोलावंसं वाटत नाही’ असंही असतं. ‘हे परमपवित्र, दयाघन पित्या’ अशी सुरुवात मी वहीत करत नाही. ते शब्द खोटे नाहीत, पण माझ्या तोंडात ते इतके बसलेत की त्यांच्या आड मला आरामात लपता येतं. आणि एखादं वाक्य फारच छान जमलं, कुणी वाचलं तर वाहवा करेल असं वाटलं, की मी ते खोडते. ते देवासाठी लिहिलेलं नसतं.

लिहिण्याचा मोठा फायदा हा की मोघमपणा कागदावर लगेच उघडा पडतो. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ हे म्हणताना भरभरून वाटतं. लिहून बघा, पोकळ दिसतं. सर्व म्हणजे कोण? आशीर्वाद म्हणजे काय? मग नाव लिहावं लागतं, आणि नाव लिहिलं की त्या माणसाविषयी आपल्याला खरंच काय वाटतं तेही लिहावं लागतं. तिथे पेन अडतं. प्रार्थना तिथूनच सुरू होते, असा माझा अनुभव.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, मला ठाऊक आहे. देवावरचा राग कागदावर उतरवायचा म्हणजे उद्धटपणा नाही का? तू कधी उघड विचारलं नाहीस, पण मी एकदा ‘आज देवाशी भांडले’ म्हटलं तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. तर स्तोत्रसंहिता काढून बघ. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर’ असा सवाल पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ असा दिलासासुद्धा नाही. आपण उपासनेत ते फारसं वाचत नाही, पण ते शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. यिर्मया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देवाला तोंडावर सांगतो की तू मला फसवलंस. त्याच अध्यायात पुढे तो स्तुतिगीत गा म्हणतो, आणि लगेच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. कुणी संपादक असता तर म्हणाला असता, महाराज, जरा क्रम लावा.

आणि सारं काही गमावलेल्या ईयोबाला समजवायला आलेले त्याचे मित्र! मला तेच सगळ्यात जास्त शिकवतात. त्यांची वाक्यं बघ: देव न्यायी आहे, पापाचं फळ मिळतं, पश्चात्ताप कर म्हणजे तो उभारेल. कुठल्याही प्रवचनात खपून जातील इतकी धड. ईयोब मात्र तक्रार करतो, देवाला न्यायालयात खेचायची भाषा करतो. देव वावटळीतून बोलतो तेव्हा ईयोबालाही खडसावतो, त्याची गय करत नाही. पण शेवटी त्या मित्रांपैकी अलीफजाला तो सांगतो की माझा सेवक ईयोब जसा माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, आणि त्या शुद्ध बोलणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला लावतो ती ईयोबालाच. एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली: मित्र सारा वेळ देवाविषयी बोलतात, देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब चिडून का होईना, पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळतो. तेव्हा आई, वहीत भांडण असलं तरी पाठ फिरवलेली नाही, एवढं समज.

अर्थात राग लिहिणं सोपं, कबुली लिहिणं कठीण. एखाद्याने माझं काय बिघडवलं हे मी पानभर लिहू शकते. मी त्याच्याशी कशी वागले हे लिहायचं म्हटलं की अचानक झोप येते. 139 व्या स्तोत्राचा कवी मला म्हणूनच भावतो. शत्रूंचा मी पुरेपूर द्वेष करतो, असं म्हणून झाल्या झाल्या पुढच्याच वचनात तो म्हणतो की देवा, आता माझंच मन तपास. मधे एक ओळसुद्धा मोकळी नाही.

उपकारांची यादी मी रोज करत नाही, हेही सांगून टाकते. पुष्कळांना त्याचा उपयोग होतो, पण माझ्याकडून ती चार दिवसांत शिष्टाचार होऊन बसते. काही जण एका बाजूला विनंती आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असे दोन रकाने आखतात. मला ते देवाची रोजकीर्द तपासल्यासारखं वाटतं. मात्र जुनी पानं वाचली की विनंत्या बदललेल्या दिसतात. ज्या माणसाला बदल म्हणून मी देवाच्या मागे लागले होते, त्याच्याविषयी पुढे पुढे मी वेगळंच मागायला लागले होते. लिहिताना ते कळलं नव्हतं.

आता खाजगीपणाचं. मत्तय 6 मधलं ‘खोलीत जा आणि दार लावून घे’ तुम्हीच आम्हाला शिकवलंत. चारचौघांत प्रार्थना करताना अर्धं लक्ष ऐकणाऱ्यांकडे असतं. हे तुमच्या-माझ्यासारख्यांनाच काय, पाळकांनाही चुकत नसावं. एकत्र प्रार्थना सोडायची नाही, तिची जागा वही घेत नाही. पण एक जागा अशी हवी जिथे तिसरं कुणी नाही. पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाला 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री देवाचा जो अनुभव आला, तो त्याने कागदावर टिपला: तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे, अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव. तो मजकूर त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराला तो सापडला, तोवर कुणाला पत्ता नव्हता. मदर तेरेसांनी आपल्या आत्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रं नष्ट करा अशी विनवणी केली होती. ती राहिली, आणि 2007 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्या पत्रांतला काळोख वाचून कितीतरी लोकांना धीर आला, हे खरं. तरी त्यांची विनवणी मोडली गेली, हेही खरंच, आणि मला ते अजून पटत नाही.

म्हणून मी वर्षातून एकदा वही वाचते, जपायच्या ओळी दुसरीकडे उतरवते आणि बाकी फाडून टाकते. त्यात माझीच नव्हे, दुसऱ्यांचीही गुपितं असतात. फोनवर लिहीत नाही. फोनमधलं कधी कुठे उमटेल याचा भरवसा नाही.

बाबा, तुमचा हात कापतो, तेव्हा मोठ्या रेघांची वही घ्या आणि दोन ओळींवर थांबा. काहीच सुचलं नाही तर एखादं स्तोत्र सावकाश उतरवत जा; बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात राजालाही नियमशास्त्राची प्रत काढून ती रोज वाचायला सांगितलंय. ज्या वचनाशी हात थांबेल तिथून पुढे तुमचं लिहा. डोळे उघडे असल्यामुळे डुलकीचाही प्रश्न मिटेल. आई, तुला लिहिण्याचा कंटाळा, तर नुसती नावं लिही आणि प्रत्येक नावापुढे एक खरा शब्द. मग तो ‘वैताग’ असला तरी चालेल.

एक विनंती मात्र दोघांनाही. पहिल्या पानावर लिहून ठेवा की पुढे या वहीचं काय करायचं: जाळायची, ठेवायची की कुणाला द्यायची. काहीच लिहिलेलं नसेल तर मी न उघडता जाळेन, हे आत्ताच सांगते. आणि एकमेकांच्या वह्याही वाचायच्या नाहीत, इतक्या वर्षांचा संसार असला तरी. बाबा, हे मुख्यतः तुम्हाला.

पुढच्या रविवारी फोन करते. गुडघ्याचं विचारेन, डॉक्टर काय म्हणाले ते विचारेन. वहीचं विचारणार नाही. सुरू केलीत की नाही तेही सांगू नका.

तुमची लेक