रेडॉक्सची (इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीची) समीकरणं लिहायला शिकवणाऱ्या आमच्या होस्टेलच्या ताईला

ताई, हे तुला मेसेजवर पण लिहिता आलं असतं पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तू जे शिकवलंस ते अकरावी-बारावीत कोणी बसवून सांगतच नाही गं, "बॅलन्स करा" म्हणतात आणि पुढच्या चॅप्टरला जातात. स्वतःच्या एमएस्सीच्या सबमिशनच्या धावपळीत तू आमच्यासाठी वेळ काढलास, त्यासाठी मनापासून थँक्यू.

सगळ्यात मोठं थँक्यू त्या प्लसच्या जागेसाठी. आयनवरचा चार्ज लिहायचा तर आकडा आधी आणि चिन्ह नंतर, २+. ऑक्सिडेशन नंबर लिहायचा तर चिन्ह आधी, +२. पुष्कळ जणांना वाटतं की काय फरक पडतो, दोन्ही एकच, पण तू परमँगनेट (एक मँगनीज आणि चार ऑक्सिजनचा आयन) घेऊन दाखवलंस ना तेव्हा विषयच संपला. चार ऑक्सिजन, प्रत्येकी −२, म्हणजे झाले −८, आणि अख्ख्या आयनवर चार्ज फक्त एक मायनस, म्हणून मँगनीजच्या वाट्याला +७ येतात. पण पाण्यात ७+ चार्जचा सुटा मँगनीज कुठेही फिरत नसतो! तो +७ म्हणजे इलेक्ट्रॉनचा जमाखर्च, आणि रिअ‍ॅक्शन झाल्यावर मिळणारा मँगनीज २+ मात्र खराखुरा आयन. म्हणून ऑक्सिडेशन नंबर अणूच्या डोक्यावर आणि चार्ज उजव्या खांद्यावर, हे तू आमच्याकडून इतकं घोटून घेतलंस की आता हात आपोआप तसाच जातो.

मग हाफ रिअ‍ॅक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन देणं (ऑक्सिडेशन) आणि घेणं (रिडक्शन) वेगवेगळं लिहायचं. काही जुन्या पुस्तकांत ऑक्सिडेशन दाखवताना डावीकडून इलेक्ट्रॉन वजा केलेला असतो, तू ते चालवूनच घ्यायची नाहीस. रिडक्शनमधे इलेक्ट्रॉन डावीकडे, ऑक्सिडेशनमधे उजवीकडे, दोन्हीकडे प्लस करूनच, म्हणजे बेरीज करताना ते समोरासमोर येऊन कटतात. परमँगनेट, ८ एच प्लस आणि ५ इलेक्ट्रॉन मिळून मँगनीज २+ आणि ४ पाणी. खाली फेरसचं (लोखंड २+) फेरिक (लोखंड ३+) आणि १ इलेक्ट्रॉन, त्याला ५ ने गुणायचं. आणि शेवटी अणू जुळले म्हणून खूश व्हायचं नाही, चार्ज पण मोजायचा: डावीकडे −१, +८ आणि पाच फेरसचे +१०, झाले १७, उजवीकडे २ आणि १५, परत १७. मला ही तपासणी अख्ख्या चॅप्टरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, खरंच.

मीडियम बघूनच लिहायचं हे पण तुझंच. अ‍ॅसिडमधे एच प्लस, बेसिकमधे ओएच मायनस, बेसिकच्या समीकरणात शेवटी एच प्लस उरला तर उत्तर अर्धवट आहे असं समजायचं. मोहर सॉल्टच्या (फेरस असलेल्या क्षाराच्या) परमँगनेटशी टायट्रेशनला डायल्यूट सल्फ्युरिकच का घालतात, हायड्रोक्लोरिक का नाही, ते पण तू समीकरण लिहूनच पटवलंस, परमँगनेट क्लोराइडचं पण ऑक्सिडेशन करून क्लोरीन करतं मग ब्युरेटचं रीडिंग जास्त येणारच ना. पोटॅशियम आणि सल्फेट नुसतेच बघे, आयनिक समीकरणात त्यांना घ्यायचंच नाही.

बाणांचं थोडक्यात सांगते, एकाच दिशेने जाणाऱ्या रिअ‍ॅक्शनला एकेरी बाण, समतोलासाठी उलटसुलट दोन अर्धे बाण, आणि दोन्ही टोकांचा एकच बाण फक्त रेझोनन्ससाठी (एकाच रेणूच्या वेगवेगळ्या रचना दाखवायला) राखून ठेवायचा. सेल (रिअ‍ॅक्शनमधून वीज देणारी बॅटरी) लिहिताना ऑक्सिडेशन डावीकडे, एक उभी रेघ म्हणजे फेज बदलली, दोन रेघा म्हणजे सॉल्ट ब्रिज. झिंक-कॉपरला तक्त्यातली दोन्ही पोटेन्शियल रिडक्शनचीच घ्यायची, ०.३४ मधून −०.७६ वजा केले की १.१० व्होल्ट, आणि हाफ रिअ‍ॅक्शनला २ ने गुणलं तरी व्होल्ट गुणायचे नाहीत!! ही एक ओळ प्रत्येक क्लासच्या फळ्यावर कायमची लिहून ठेवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता आमच्या मजल्यावर नवीन फर्स्ट इयरच्या मुली आल्यात आणि त्या हेच विचारतायत. तू निळ्या पेनने चार्ज आणि लाल पेनने ऑक्सिडेशन नंबर लिहून दिलेली पानं माझ्याकडे अजून आहेत, त्यांना झेरॉक्स काढून देऊ का? तू हो म्हणालीस की लगेच देते.